थांबा बाई

कुरुळी, ३ ऑगस्ट २०२५

चि. सुप्रिया हिस आशीर्वाद.

तू कशी आहेस? बरी असशीलच. डोंगरात पाऊस फार आहे का? असणारच, भीमाशंकरची बाजू ती. खोली गळते का? गळत असेल आणि तू घरमालकाला सांगितलं नसशील, म्हणून जाड प्लास्टिकचा कागद घेऊन ठेवला आहे. ओमला खोकला झाला असेल. झाला नसेल तर होईल. त्याची छाती ओव्याच्या पुरचुंडीनं शेकत जा. चपला घातल्याशिवाय त्याला बाहेर सोडू नकोस, तिकडं गवतात काय काय असतं.

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितो. आईशी बोलतेस ते मला ऐकू येतं. ती ओट्यापाशी उभी राहून बोलते आणि मी पलीकडं भिंतीला टेकून बसलेला असतो. मुद्दाम नाही, माझी बसायची जागाच ती आहे. मग आई फोन माझ्याकडं करते आणि तुझा आवाज बंद होतो. आई म्हणते, "रेंज गेली." तिकडं रेंज कमी असते हे मी मान्य करतो. पण ती नेमकी माझ्या वेळेला जाते.

माझी शाळा पाचवीपर्यंत. शुद्धलेखनाच्या चुका होतील. तू लाल पेन वापरत नाहीस हे माहीत आहे म्हणून धीर केला.

काल महाळुंग्याला जायचं होतं. थांब्यावर उभा होतो. त्या गंजक्या पाटीवर "थांबा" एवढंच आता वाचता येतं, गावाचं नाव पुसलं आहे. तुझ्या वर्गातली दोन पोरं पाटीला दगडानं वाजवत "थांबा बाई, थांबा बाई" करत होती. मला राग आला. मी म्हणालो, "मास्तरणीला चिडवता? लाज न्हाई वाटत?" त्यातली मुलगी म्हणाली, "आजोबा, चिडवत न्हाई. आठवण काढतोय."

तेवढ्यात माझी बस आली.

बदलीचं मनाला लावून घेऊ नकोस. तात्पुरती आहे. सभेत मी जे बोललो ते तुझ्या भल्यासाठी बोललो. तुला ते कळेल. एव्हाना कळलंही असेल.

तुझे,
दादा


कुरुळी, १९ ऑगस्ट २०२५

चि. सुप्रिया, आशीर्वाद.

पत्र मिळालं का? मिळालं असेल. उत्तर लिहायला तुला वेळ नसेल.

तुझ्या शाळेत जाऊन आलो. कारण लागतं म्हणून टाकीचा कॉक बघायला आलो असं सांगितलं. मी जन्मभर गावाला पाणी सोडलं, तेव्हा कॉक बघायला आलेल्या सावळारामला कुणी हटकत नाही. कॉक चांगला होता. तरी मी तो दोनदा फिरवला.

तुझ्या जागी सुजित सर म्हणून तरुण पोरगा आला आहे, बार्शीकडचा. वाईट नाही. सकाळी स्वतः वर्ग झाडतो. पण शिकवायला लागला की गाडी सुसाट. "सूर्य कुठं उगवतो, पूर्वेला. कुठं?" सगळी पोरं ओरडतात, "पूर्वेलाऽऽ!" "बेडूक कुठं राहतो, पाण्यात आणि?" "जमिनीवरऽऽ!" खिडकीतून ऐकताना मला फार बरं वाटलं. वर्ग असा पाहिजे असं वाटलं. तुझ्या वर्गात बाहेरून काही ऐकूच यायचं नाही.

तुझी दीपमाला मागं बसली होती. परभणीकडची, आजीचं बोट धरून यायची ती. सगळी ओरडत होती तेव्हा तिचं तोंड हलत होतं, पण ती बोलत नव्हती. नुसतं हलवत होती. हे मला दिसलं कारण मी कडेच्या खिडकीत होतो. सरांना समोरून दिसणार नाही.

मधल्या सुट्टीत सरांनी मला खिचडी दिली. मी म्हणालो, "सर, आमची सुप्रिया वर्गात गप उभी राहायची, त्याची लई चर्चा झाली." ते जरा इकडंतिकडं बघून म्हणाले, "दादा, आम्हाला प्रशिक्षणात हेच पडद्यावर दाखवतात. प्रश्न विचारा, मग थांबा, मुलाला वेळ द्या. टाळ्या वाजवून आम्ही घरी येतो. बाईंनी ते वर्गात केलं, एवढंच झालं."

"मंग तुमी का करत न्हाई?"

"मी दोन सेकंद थांबतो. पुढं मला भीती वाटते. वर्ग गप्प झाला की वाटतं, कुणीतरी दारात उभं राहून बघतंय."

घरी येताना मला ती संध्याकाळ आठवली. तू मोबाइलवर स्वतःचाच तास भरून आणला होतास आणि ओट्यावर बसून ऐकत होतीस. ऐकता ऐकता कपाळाला हात लावलास. म्हणालीस, "दादा, ऐका. मी विचारते आणि पोरानं श्वास घ्यायच्या आत मीच सांगून टाकते. मला वाटत होतं, मी थांबते." मग सांगितलंस की हे जगभर मोजून बघितलेलं आहे. सगळ्या मास्तरांचं असंच होतं, आणि जिथं तीन-चार सेकंद जास्त थांबतात तिथं कधी न बोलणारी पोरंही बोलतात. मी म्हणालो, "मंग लिवलंय तर कर की तसं." तू म्हणालीस, "पुस्तकातली पोरं पुस्तकातली. आपल्याकडं कुणी नांदेडचं, कुणी बिहारचं, कुणाला मराठी अजून अर्धीच येते. त्यांना किती वेळ लागतो ते माझ्या वर्गातच बघावं लागेल."

आणि मग माझ्याकडं बघून हसलीस. "तुमीबी तेच करता, दादा. 'चहा घेणार? घे, घेशीलच, ठेवतो.' मला तोंड उघडू देता का?"

त्या दिवशी आपण तिघंही हसलो होतो. प्रितमराव गेल्यानंतर तू तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं हसलीस असं आई म्हणते. मला तसं आठवत नाही. पण आईचं बरोबर असेल.

दादा


कुरुळी, ७ सप्टेंबर २०२५

चि. सुप्रिया,

आईनं तुझा निरोप दिला. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता दिला. "तिनं एवढंच मागितलंय. साहेबाला लिहून द्या की माजी मुलगी आजारी न्हाई."

मी म्हणालो, बघतो. आई म्हणाली, "बघायला काय पिच्चर हाय?"

सुप्रिया, एवढं सोपं नाही ते. तू मुद्द्याला धरून बसतेस, मागचापुढचा विचार मला करावा लागतो. त्या सभेत काय परिस्थिती होती ते तू वर उभी होतीस म्हणून तुला दिसलं नाही. मी खाली लोकांत बसलो होतो. विक्कीनं, म्हणजे शाळा समितीचा अध्यक्ष झाला म्हणून तो काही शहाणा झाला असं नाही, पण त्यानं खिडकीतून काढलेला तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर होता. तू दीपमालेला विचारतेस, "चिमणी घरटं सोडून का गेली असेल?" आणि मग नुसती उभी. ती पोरगी खाली बघते आणि तू उभी. वर गाणं टाकलं होतं आणि लिहिलं होतं, "पगार चालू, बाई बंद." माझ्या मागं बसलेले लोक हसत होते. एक जण म्हणाला, "आपली पोरं पुढं ह्याच कंपन्यांच्या गेटवर उभी राहणार, बाई आत्तापासूनच सवय लावतीय." मी कुणाकुणाचं तोंड धरू?

शिक्षण खात्याच्या साहेबांनी तुला विचारलं, "बाई, तुम्ही वर्गात अशा गप्प का उभ्या राहता?" आणि तू लगेच बोलली नाहीस. तू खाली बघितलंस, ओठ मिटलेस. सगळी सभा तुझ्याकडं बघत होती. मला वाटलं, हिला सुचत नाही. आता हिची नोकरी जाते. म्हणून मी उभा राहिलो.

मी काय वाईट बोललो? "साहेब, तिचा नवरा गेल्यापासून ती मधेच अशी गप होती. तिला बरं न्हाई. सांभाळून घ्या." एवढंच ना? साहेब लगेच मऊ झाले की नाही? हसणारे गप्प झाले की नाही? नोटीस टळली. प्रकृतीच्या कारणानं कमी पटाच्या शाळेत नेमणूक, एवढ्यावर निभावलं. तू मात्र माझ्याकडं असं बघितलंस की मी कुणी परका माणूस असावा.

आता लिहून दिलं तर काय होईल? मी विक्कीलाच विचारलं. तो कंपनीची बस धूत होता. म्हणाला, "दादा, राहू द्या. बाई आजारी हाय तवर नोकरी शाबूत. आजारी न्हाई म्हणालात की साहेब म्हणणार, मंग कामात कुचराई केली. तुमीच हातानं पोरीला खड्ड्यात घालताल." त्याच्या पोटात काय आहे मला माहीत नाही. पण हे त्याचं खरं वाटलं. तू एकटी, पदरात ओम. नोकरी गेली तर काय करशील? काहीच करता येणार नाही.

आणि आजारी म्हटल्यानं माणूस कमी होतो का? नाही होत. मनाला खरंच त्रास असेल तर तोही आजारच की. असेल तुला. नवरा जाणं लहान गोष्ट नाही.

दादा


कुरुळी, ९ सप्टेंबर २०२५

सुप्रिया,

परवाच्या पत्रातला शेवट वाचू नकोस. आईला मी पाकीट टाकून आल्यावर सांगितलं काय लिहिलं ते. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "तिला काय त्रास हाय ते तिला इचारलंत का कधी? का तेबी तुमीच सांगितलं?"

पोस्टात जाऊन पेटीतलं परत मागितलं. मिळत नाही म्हणाले.


कुरुळी, ६ ऑक्टोबर २०२५

चि. सुप्रिया, आशीर्वाद.

आज एक गोष्ट झाली ती तुला कळवलीच पाहिजे. म्हणून बाकीचं काही विचारत नाही.

सकाळी थांब्यावर गेलो होतो. तिथं दीपमालेची आजी चिमाबाई दोन गोण्या, एक पंखा आणि गॅसची शेगडी घेऊन बसली होती. आईबाप रिक्षा बघायला चौकात गेले होते. पोरगी पंख्याची जाळी मांडीवर धरून बसली होती, तुझ्या शाळेचाच गणवेश अंगात. दुसरा धड कपडा पिशवीत असेल.

चिमाबाई म्हणाली, "जातो बगा आता, आप्पा. पोराला कंपनीनं बसवलं. ठेकेदार म्हनला, आता तुमची गरज न्हाई. रांजणगावाकडं बगू म्हनतेत."

"मंग हिची शाळा?"

"तिकडं बी आसंल की शाळा. पर ती बाई नसंल." मग म्हणाली, "लेकरू घरी येऊन सांगायचं, बाई माज्याकडं बगत उभी ऱ्हाती, वरडत न्हाई. आमाला बी नवलच वाटायचं."

मी पोरीकडं वळलो. तोंडात आलं होतं, "बाईंची आठवण येते ना? येत असेल. जा, शहाण्यासारखी शिक." नेहमीचं. पण का कोण जाणे, मला ते खिडकीतून बघितलेलं तिचं नुसतं हलणारं तोंड आठवलं. मी तिच्यासमोर बसलो. गुडघे वाजले. मी म्हणालो, "दीपमाला, बाईंनी तुला इचारलं व्हतं बघ. चिमणी घरटं सोडून का गेली आसंल?"

आणि थांबलो.

सुप्रिया, ते किती अवघड आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जन्मभर मी पाणी सोडून नळाला पाणी यायची वाट बघितली, पण हे निराळं आहे. हिला येत नाही, हिला लाज वाटते, आपण हिला छळतो आहोत, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. चिमाबाई म्हणाली, "सांग की गं, आजोबा इचारतेत." मी हातानं तिला गप्प केलं. पोरगी खाली बघत होती. तिनं ओठ मिटले होते. तेव्हा मला कळलं की हे मी पूर्वी बघितलेलं आहे. सभेत तू अशीच खाली बघत होतीस. तुला सुचत नव्हतं असं नाही. तू उत्तर बांधत होतीस.

रिक्षा आली. दीपमालेच्या बापानं गोणी उचलली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला, "चला मावशी, पाठीमागं कंटेनर हाय!" मला वाटलं, आता राहिलं. पोरगी उठली, पंखा काखेत धरला, रिक्षेत एक पाय ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तिच्या बापाचं काम सुटलं आसंल."

मग जरा थांबून म्हणाली, "चिमणीला जायचं नव्हतं. तिला घरटं आवडायचं."

रिक्षा गेली. मी बस आली तरी चढलो नाही.

धड्यात काय उत्तर आहे ते मी दुपारी सुजित सरांना विचारलं. ते म्हणाले, धड्यात थंडी पडते म्हणून जाते. दीपमालेचं उत्तर सांगितल्यावर ते बराच वेळ खडूचा डबा उघडत आणि मिटत राहिले. म्हणाले, "बाईंना कळवा." म्हणून कळवलं. हे उत्तर तुझं आहे. मी फक्त थांब्यावर होतो.

दादा


कुरुळी, २९ ऑक्टोबर २०२५

चि. सुप्रिया,

दिवाळीला तू आली नाहीस. आईनं ओमसाठी करंज्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्या शेवटी शेजारी दिल्या. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी साहेबांच्या कचेरीत गेलो होतो. अर्ज स्वतः लिहिला. सुजित सर लिहून देतो म्हणत होते, मी नको म्हणालो. लिहिलं की, माझी मुलगी सुप्रिया आजारी नाही. सभेत मी सांगितलं ते मला माहीत नसताना सांगितलं. ती वर्गात गप्प उभी राहते ते तिचं काम आहे.

तिसरं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. ते तुझ्या शब्दांत लिहावं म्हटलं, पण तुझे शब्द मला आठवेनात. संशोधन वगैरे लिहिलं असतं तर त्यांनी मला त्याचा अर्थ विचारला असता.

साहेबांनी चष्मा वर करून वाचलं. म्हणाले, "म्हणजे तेव्हा खोटं बोललात?"

"व्हय."

"आता बाईंना खुलासा द्यावा लागेल. आजार नव्हता, मग वर्गात नुसत्या उभ्या का राहत होत्या? कळतंय का तुम्हाला, दादा, काय करताय ते? चांगलं मिटलं होतं."

माझ्या तोंडात दहा उत्तरं आली. तिला सांभाळून घ्या, तिचा मुलगा लहान आहे, तिच्या मनात तसं नव्हतं. ती सगळी गिळली. म्हणालो, "का उभी राहत व्हती ते तिला इचारा, साहेब. अन् इचारलं की जरा थांबा. ती लगेच बोलत न्हाई."

साहेबांनी तोवर फोन उचलला होता. त्यांनी ऐकलं की नाही मला सांगता येत नाही. शिपायानं अर्जाच्या नकलेवर शिक्का मारून दिला. ती नक्कल या पाकिटात आहे.

म्हणजे आता तुला नोटीस येईल. कदाचित या पत्राच्या आधीच आली असेल. विक्की थांब्यावर भेटला, म्हणाला, "घातलीत ना शेवटी पोरगी खड्ड्यात?" मी तसाच पुढं निघालो. मला रात्रभर झोप नव्हती. हे बरं केलं की वाईट, मला अजून समजत नाही. तू मागितलंस ते दिलं, एवढंच समजतं. तुझ्या जागी तूच बोलायला हवीस.

तुझा वर्ग परत मिळाला तरी तो वर्ग आता नाही. दीपमालेचा ठिकाणा मी विचारतो आहे. कुणी रांजणगाव म्हणतं, कुणी सुपं. बापानं मोबाइलचं कार्डही बदललं असावं, लागत नाही. सुजित सरांनी हजेरीत तिचं नाव अजून खोडलेलं नाही. नाव पुकारतात, मग थोडं थांबतात, मग पुढचं पुकारतात.

प्लास्टिकचा कागद अजून माझ्याकडंच आहे. तुला तो हवा आहे का हे मी कधी विचारलं नाही, म्हणून पाठवत नाही.

आई म्हणते, पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहा, बरं असतं. आज तो वरही लिहिला नाही, खालीही लिहीत नाही. लिहिला की पत्र संपतं आणि मी पाकीट चिकटवून मोकळा होतो. मला एकच विचारायचं आहे. पहिल्या पत्रात विचारलं होतं, पण ते विचारलं म्हणता येणार नाही.

सुप्रिया, तू कशी आहेस?